डाव्या कडेची जागा

जऊळका स्टेशनात मी हजर झालो त्या दिवशी देवमन पडघाननं मला खुर्चीत बसू दिलं नाही.

दुष्काळ नुकताच सरला होता. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं मी लोखंडी ट्रंक घेऊन उतरलो. असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून पहिलीच नेमणूक, त्यामुळे टोपी नवी, ताठा नवा, आणि खुर्ची दिसली की तीत बसावं एवढी माफक महत्त्वाकांक्षा. तेवढ्यात निळा सदरा घातलेला एक बुटका, पायांनी जरा फेंगडा माणूस दारातून आत आला आणि म्हणाला, "साहेब, थांबा जरा. आधीचे साहेब उठले नाहीत अजून."

खोलीत आम्ही दोघंच होतो. खुर्ची रिकामी होती. आधीचे साहेब बदली होऊन आदल्याच दिवशी बायकापोरांसकट खांडव्याला गेले होते.

त्यानं खुर्ची उचलली, फलाटावर उन्हात नेली आणि उलटी धरली. शेवटचा दाणा निघावा म्हणून पोतं धरतात तशी. खुर्चीच्या पायांवर थापा मारल्या, खालच्या आवाजात काहीतरी बोलला, आणि परत आणून जागेवर ठेवली. "बसा आता."

"भूतबीत होतं की काय?" मी विचारलं.

"भूत कायचं, साहेब. भूत मेल्या मानसाचं असते. हे जित्या मानसाचं राह्यते. मानूस उठून जाते, पन जागा मांगून सुटते. कोनी सांगतलंच नाही तं सुटतही नाही."

मी हसलो. त्या वयात मी बऱ्याच गोष्टींना हसत असे. खुर्चीत बसलो तेव्हा मात्र ती कोमट लागली, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी. उन्हात धरली होती, कोमट लागणारच, असं मी स्वतःला लगेच समजावलं. जऊळक्याला होतो तोवर देवमनच्या बाबतीत मी स्वतःला असंच काही ना काही समजावत राहिलो.

देवमन आमच्या स्टेशनचा सांधेवाला. गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची, सिग्नलच्या कंदिलात तेल घालायचं, धावत्या इंजिनाला कडं द्यायचं, ही त्याची कामं. मूळ गाव आसेगाव. लहानपणी मामानं त्याला कामठीला नेलं, आणि कामठीत गल्लीगल्लीतून फुटबॉल. तिथं तो इतका चांगला खेळायला लागला की रेल्वेनं त्याला खेळासाठी नोकरीत घेऊन सिकंदराबादला नेलं, आणि तिथून तो भारताच्या संघात गेला.

हे मला आमचा हमाल युसुफ यानं सांगितलं, तेव्हा नव्या साहेबाची फिरकी चालली आहे असंच मला वाटलं. आमच्या भागात कुस्ती आणि कबड्डी सोडून तिसरा खेळ कोणाच्या गणतीत नव्हता. देशासाठी खेळलेला माणूस जऊळक्याला कंदिलाची काच पुसताना दिसेल हे माझ्या डोक्यात शिरेना. मग एकदा त्याला पाय धुताना पाहिलं. डाव्या पायाची पोटरी उजव्यापेक्षा इतकी भरलेली होती की दोन पाय दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत. तेव्हा विश्वास बसला.

"किती सामने खेळलास रे देशाकडून?" मी एकदा विचारलं.

"एक," तो म्हणाला. "अन् थोबी मी नाही खेळलो."

आणि त्यानं कंदील पुढ्यात ओढला. विषय नकोसा झाला की तो कंदिलाची काच पुसायला घ्यायचा. आमच्या स्टेशनाइतक्या स्वच्छ काचा त्या लाइनवर दुसऱ्या कुठल्या स्टेशनात नसतील.

इथं कड्याबद्दल सांगायला हवं, कारण देवमनचं सगळं तत्त्वज्ञान त्या कड्यात होतं. आमची लाइन छोटी आणि एकेरी. जाणाऱ्या गाड्या आणि येणाऱ्या गाड्या एकाच रुळावरून. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असावी म्हणून लोखंडी गोळ्याची पद्धत होती. स्टेशनातल्या यंत्रातून एक गोळा निघायचा. तो चामड्याच्या खिशात घालून, खिसा वेताच्या कड्याला बांधून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हाती असेल तरच गाडी पुढे जाणार. पुढच्या स्टेशनात तो तिथल्या यंत्रात पडला की मधला तुकडा मोकळा झाला, आणि तेव्हाच दुसऱ्या गाडीसाठी गोळा सुटणार. आत शिरलेली गाडी बाहेर पडून गोळा पोचता झाल्याशिवाय दुसरी आत जाऊच शकत नाही. अपघात टाळण्याची ही साधी सोय, पण देवमनच्या लेखी तो सृष्टीचा कायदा होता. "एका तुकड्यात एकच," असं तो पंगतीत म्हणायचा, बाजारात म्हणायचा, आणि एकदा तर नवराबायकोचं भांडण सोडवताना म्हणाला.

त्याची आणखी एक खोड होती. रस्त्यानं चालताना तो उजव्या कडेनं चालायचा आणि डाव्या हाताला एक माणूस मावेल इतकी जागा सोडायचा. त्या जागेत कोणी शिरलं तर उभा राहायचा, त्याला पुढे जाऊ द्यायचा, मग चालायला लागायचा. शेलूबाजारला जाणाऱ्या जीपमध्ये माणसं मिरच्यांच्या पोत्यांवर बसत, पायदानावर लटकत. तिथंही देवमनच्या डाव्या बाजूला जागा रिकामी. जीपवाला करवादायचा, तर हा दोघांचं भाडं देऊन गप्प. एकदा मीही त्या जीपमध्ये होतो. खड्ड्यातून जाताना सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर कलंडली, पण त्या रिकाम्या जागेत कोणी कलंडलं नाही. जे कलंडायला हवे होते ते मध्येच अडल्यासारखे थांबले. त्यांच्यापैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मला जास्त खटकलं.

मालधक्क्याच्या पलीकडे, आउटर सिग्नलच्या बाजूला, रेल्वेच्या जागेत मुरमाचं एक पटांगण होतं. तिथं देवमननं संघ जमवला होता. रुळांवर काम करणारे पाच गँगमन, आसेगावची दोन माणसं, गोलमध्ये युसुफ, आणि भास्कर माळी. भास्करची गावाशेजारी वांग्यामिरचीची बाग होती. पहाटे भाजी गाडीत चढवायची, दिवसभर पाणी द्यायचं आणि दिवस कलला की इथं येऊन अनवाणी पळायचं, असा त्याचा नेम. देवमन त्यांना एकेकाला खांद्याला धरून त्याच्या जागेवर नेऊन उभं करायचा. "ही तुही जागा. वळखून घे. डोये मिटून बी आलं पायजे इथं." स्वतः मात्र मागं, उजव्या कोपऱ्यात, राइट बॅक म्हणून उभा राहायचा. डाव्या पायाचा माणूस उजव्या कोपऱ्यात. खेळातलं ओ की ठो न कळणाऱ्या मलाही ते विचित्र दिसायचं. चेंडू आला की त्याला आधी वळावं लागायचं, मग पाय बदलावा लागायचा, तोवर समोरून खेळणारे बाकीचे गँगमन हसत हसत त्याच्या बाजूनं निघून जायचे. दुसऱ्याच्या चपला घालून चालावं तसा तो तिथं खेळायचा.

आणि समोर, डाव्या कडेला, लेफ्ट आऊटच्या जागेवर कोणीच नसायचं. डाव्या बाजूनं कडेकडेनं पळत जाणारा तो लेफ्ट आऊट. संघात दहाच माणसं. अकरावा कोणी आला, अगदी हातापाया पडला, तरी देवमन त्याला त्या जागेवर उभा करत नसे.

पण चेंडू तो तिकडे पाठवायचा. रोज. खेळ ऐन रंगात आला की तो मागून डाव्या पायानं चेंडू त्या रिकाम्या कडेला ढकलायचा. चेंडू मुरमावरून घरंगळत जायचा, आखलेल्या रेघेच्या अलीकडे मंदावायचा, क्षणभर थांबायचा, आणि परत यायचा. सावकाश, सरळ, देवमनच्या दिशेनं. देवमन तो पायानं अडवायचा आणि म्हणायचा, "नाही घेत."

गँगमन, भास्कर, युसुफ, सगळ्यांना त्याची सवय झाली होती. परत आलेल्या चेंडूवर पुढचा खेळ सुरू व्हायचा. मला मात्र ते पाहिलं की मानेवर काटा यायचा. मी शिकलेला माणूस. मी ठरवलं की जमिनीला उतार आहे. डावी कड उंच असणार, म्हणून चेंडू परत येतो.

एका दुपारी गाडीला वेळ होता म्हणून मी पाण्याची बादली घेऊन एकटाच पटांगणात गेलो. ऊन इतकं की रूळ हलताना दिसत होते. चेंडू जिथं थांबतो तिथं मी उभा राहिलो आणि बादली हळूहळू ओतली. पाणी मुरमात जिरत जिरत निघालं ते बाहेर, बाभळींकडे. उतार उलटा होता. चेंडू त्या जागेवरून बाहेर बाभळीत जायला हवा होता. मी पाण्याकडे बघत उभा होतो आणि पाण्याचा एक पदर मध्येच फाटला. अर्धं इकडून गेलं, अर्धं तिकडून, आणि मधे पावलाएवढी जमीन कोरडी राहिली. मग तिच्या शेजारी दुसरी. मी बादली तिथंच टाकून ऑफिसात आलो. संध्याकाळी देवमननं ती आणून दिली आणि एवढंच म्हणाला, "त्याच्या पायावर पानी नका टाकत जाऊ, साहेब."

देवमनची बायको सुमनबाई. क्वार्टरच्या मागं तिनं आंबाडी आणि पालक लावला होता, त्यातली एक जुडी ती मला अधूनमधून आणून द्यायची. मी एकदा हसत हसत विषय काढला, की बाई, तुमचा नवरा हा काय प्रकार आहे. ती हसली नाही.

"माहं लगन झालं थे त्याच्या थ्या मॅचनंतर," ती म्हणाली. "आधीचा मानूस म्या पाह्यलाच नाही, साहेब. सासू म्हने लय हासरा होता. मले जो भेटला थो कामाले चांगला, बोलाले चांगला, कधी हात उगारला नाही. पन ताटं वाढतानी मले रोज वाटते, घरचं अजून एक मानूस यायचं हाये. चौदा वर्सं झाली, मी दार उघडंच ठेवून राह्यली."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. नवरा घरात असलेल्या बाईनं नवऱ्याची वाट बघावी, असं मी कुठं ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून मी देवमनची थट्टा करणं सोडलं.

सामन्याची हकिगत त्यानं मला सांगितली ती एका भर दुपारी. पूर्णेकडून येणारी मालगाडी खोळंबली होती, फलाटावर चिटपाखरू नव्हतं. तो बाकाच्या उजव्या टोकाला बसला होता, मी समोर ट्रॉलीवर. मी काही विचारलं नव्हतं. तो आपणहून बोलायला लागला.

"मी लेफ्ट आऊट, साहेब. जनमाचा. उजव्या पायानं म्या कधी चप्पल बी फेकली नाही. तिकडे गेलो, परमुलखात, अन् मॅचच्या सकायी राइट बॅकवाल्याचं आंग तापलं. कोचसाहेब मले म्हने, पडघान, तू पयतं चांगला, आज तू मांगं उजवीकडे उभा राह्य. म्या म्हनलं, साहेब, मले तिथलं काही समजत नाही. थे म्हने, देशासाठी उभा राह्य. आता देशासाठी म्हनल्यावर मानूस काय बोलन?"

"मग?"

"उभा राह्यलो. पन तिथून बंदं मैदानच उलटं दिसते. चेंडू डाव्या पायावर घेतो म्हनलं तं पाठ फिरे, अन् उजव्यावर घेतो म्हनलं तं पाय माहा नसल्यावानी. त्यांचा एक बारीक पोरगा होता, थो पायजे तवा माह्या बाजूनं जाये. लोक हासून राह्यले होते. परक्या भाषेतलं हासनं बी समजते, साहेब."

लांब कुठंतरी इंजिनाची शिट्टी वाजली असं वाटलं म्हणून तो उठला, कान दिला, परत बसला.

"अर्ध्यानंतर एक डाव चेंडू माह्या पायात आला. म्या मान वर केली. अन् सामने, पार तिकडल्या कडेले, लेफ्ट आऊटच्या जागेवर मी उभा."

"तुझ्या जागी ज्याला घातलं होतं तो असेल."

"थो उंच होता, गोरा. थो मधात होता, त्याले म्या पाहून राह्यलो होतो. हा त्याच्याबी पलीकडे, लाइनीवर. माहे पाय, माहे केस. थोबी मलेच पाहून राह्यला होता. त्यानं हात वर केला. बॉल मांगितला." देवमननं डावं पाऊल फलाटावर घासलं. "बिलकुल खाली होता, साहेब. त्याच्याजवळ कोनी नव्हतं. एक लात मारली असती तं बॉल त्याले भेटला असता. पन मी भेलो. म्या नाही देल्ला. उभाच राह्यलो. थो बारीक पोरगा आला, माह्या पायातून बॉल काढून घेऊन गेला, अन् गोल झाला."

त्यानंतर त्याला संघात कोणी बोलावलं नाही. पुन्हा डाव्या कडेला उभं राहायला तो सिकंदराबादच्या मैदानात गेला तर ती जागा मोकळी नव्हती. त्याला तिथं शिरताच येईना. खांद्याला खांदा लागायचा, म्हणाला. मग रेल्वेनं त्याला सांधेवाला करून इकडे पाठवलं.

"तवापासून थो तिथंच उभा हाये. बॉल भेटल्याशिवाय थो निंगत नाही, अन् थो निंगल्याबिगर मले जाता येत नाही. तुमीच सांगा. आतली गाडी निंगली नसतानी तुमी दुसरी आत घालसान काय?"

मी नाही म्हणालो. नियम तसाच होता.

"पण ते मैदान परदेशात राहिलं. तो इथं कसा?"

"थो मैदानात नाही, साहेब. थो माह्या जागेत हाये. जिथं मी मानसं उभी करीन, तिथं थो उभा. मले काही नको. मेडल नको, नाव नको. एक डाव माह्या जागेवर उभा राहू द्या, मंग मेलो तरी चालते."

मालगाडी खरंच आली. तो कडं घेऊन फलाटाच्या टोकाला गेला आणि धुरात दिसेनासा झाला.

पुढच्या उन्हाळ्यात पूर्णेच्या लोको शेडमधल्या लोकांचा संघ आमच्याकडे खेळायला आला. सुटीचा दिवस होता, गावातली माणसं पटांगणाभोवती जमली. सुमनबाईही बाभळीच्या सावलीत येऊन बसली होती. पंच म्हणून शिट्टी पूर्णेच्या एका गार्डाकडे दिली. डाव्या कडेच्या रेघेवर लाइनमन म्हणून मला उभं केलं, हातात गाडीला दाखवायची हिरवी झेंडी. मी त्या रिकाम्या जागेपासून चार हातांवर होतो. नाही म्हणायचं मनात होतं, पण साहेब म्हणून म्हणता येईना.

पूर्णेच्या कप्तानानं आमची माणसं मोजली आणि म्हणाला, "तुमचा एक कमी आहे."

"कमी नाही," देवमन म्हणाला. "हाये तिथं."

ते हसले. थोड्या वेळात त्यांनी एक गोल केला आणि आणखी हसले. मग देवमननं डाव्या पायानं चेंडू आमच्या कडेला पाठवला आणि तो माझ्या पुढ्यात थांबून परत गेला. दुसऱ्यांदा पाठवला, परत गेला. तेव्हा त्यांचं हसणं कमी झालं. त्यांचा त्या बाजूचा खेळाडू हळूहळू मैदानाच्या मध्याकडे सरकायला लागला. कप्तान त्याच्यावर खेकसला तर तो म्हणाला, "तिकडे कोणीतरी अंगाला घासून जातंय." त्यानंतर आमच्या कडेला त्यांचं कोणीच आलं नाही.

अर्धा खेळ संपत आला तेव्हा चेंडू पुन्हा देवमनकडे आला. तो नेहमीसारखा वळायला लागला, डावा पाय मोकळा करायला. पण पूर्णेचा एक दांडगा गडी नेमका त्या बाजूनं अंगावर धावून आला. वळायला जागा उरली नाही. मी लांबून पाहत होतो. देवमननं मान वर केली, माझ्या दिशेला पाहिलं, माझ्याकडे नव्हे, माझ्या शेजारी, आणि आयुष्यात पहिल्यांदा उजव्या पायानं चेंडू मारला.

चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून, अख्खं मैदान तिरपं ओलांडून आला. मला वाटलं माझ्या अंगावर येतो. तो माझ्या पुढ्यात पडला, आणि पडल्यावर उसळला नाही, घरंगळलाही नाही. वरून कोणी पाय ठेवावा तसा जागच्या जागी बसला.

पंचाची शिट्टी तोंडात तशीच राहिली. चेंडू परत जाईल म्हणून आमची माणसं वाट बघत होती, पण तो जाईना. मग देवमन चालायला लागला. धावला नाही. उजव्या कोपऱ्यातून निघून, सगळ्यांच्या मधून, पाहुण्यांना ओलांडताना हात जोडावेत तसे अर्धवट हात पुढे धरून तो आला आणि त्या जागेच्या अलीकडे थांबला. मी इतका जवळ होतो की त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"लय वेळ उभा ठेवलं म्या तुले," तो हलक्या आवाजात म्हणाला. "जाय आता."

माझ्या उजव्या हाताशी मुरूम करकरला. खिळ्यांच्या बुटांचा आवाज. एक, मग एक, दमलेल्या माणसाच्या चालीचा. मैदानात सगळे अनवाणी होते आणि माझ्या पायात चपला होत्या. वारा नव्हता, तरी हातातली झेंडी कोणी बाजूनं गेल्यासारखी उडाली आणि परत खाली आली. आवाज बाभळींकडे गेला. मी वळून पाहिलं नाही. माझी छाती झाली नाही.

देवमन एक पाऊल पुढे सरकला. खांदा आक्रसून, कुठंतरी लागेल अशा बेतानं. लागलं नाही. तो उभा राहिला.

पुढचा खेळ मला अजून दिसतो. पोट सुटलेला, केस पांढरे व्हायला लागलेला तो माणूस चेंडू डाव्या पायाला चिकटवून कडेनं सुटला आणि पूर्णेची माणसं त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तो पळताना आवाज होत नव्हता. वळायचं तिथं वळला, थांबायचं तिथं थांबला, आणि चेंडू असा उचलून दिला की भास्करला नुसतं कपाळ पुढे करावं लागलं. गोल झाला. देवमन हसायला लागला. तोंडभर, आवाज करून. मी त्याला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मागं बाभळीखाली सुमनबाई उठून उभी राहिली होती.

"हा कोन हाये?" ती स्वतःशीच म्हणाली. मग खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

सामना बरोबरीत सुटला. देवमन त्या दिवसापासून वेगळा माणूस झाला. बाजारात गर्दीतून वाट काढत जायचा, जीपमध्ये चेंगरून बसायचा, कंदिलाच्या काचा जरा काळ्या राहायला लागल्या. रोज संध्याकाळी डाव्या कडेला खेळायचा. सुमनबाई दार लावून झोपते, असं त्यानंच मला कौतुकानं सांगितलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. उजव्या कोपऱ्यात आता एक नवा गँगमन उभा राहायचा. तो मात्र सारखी तक्रार करायचा की तिथं करमत नाही, आणि आपली जागा सोडून पुढे पुढे जायचा. नवखा आहे, शिकेल, असं सगळे म्हणाले, आणि मीही म्हणालो.

दिवाळीनंतर माझी बदली झाली. सकाळची गाडी. देवमन ड्यूटीवर होता. त्यानं इंजिनाला कडं दिलं, मग माझ्या डब्यापाशी आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "या साहेब कधी. मॅच पाहाले या." गाडी हलली. मी दारात उभा राहून हात हलवत होतो आणि तो फलाटावरून हात हलवत होता.

मालधक्का मागं गेला आणि पटांगण आलं. सकाळच्या वेळी तिथं कोणी नसायचं. त्या दिवशी उजव्या कोपऱ्यात एक माणूस उभा होता. बुटका, पायांनी फेंगडा, अंगात मी कधी न पाहिलेली निळी जर्सी. हात गुडघ्यांवर ठेवून, धापा टाकत, तो लांब डाव्या कडेकडे पाहत होता. तिथं आता कोणीच नव्हतं. तरी तो पाहत होता. देवमन होता तो. चेहरा भेदरलेला, तरुण.

मी मान वळवून फलाटाकडे पाहिलं. फलाटावर देवमन अजून हात हलवत होता, हसत होता.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वाईट. त्या पोराला तिथं कोचसाहेबांनी उभं केलं होतं, आणि त्याला जा म्हणायचं सगळेच विसरले होते. देवमनला हे सांगायला हवं होतं. पण गाडीनं आउटर सिग्नल ओलांडला होता, आणि फलाटावर तो इतका आनंदात होता.